मूठ हाताची, मूठ पिस्तुलाची

बाभुळगाव तालुक्यात सोयाबीन सोंगायला आले की घराघरांतले विळे बाहेर निघतात. धार लावून झाली की आणखी एक काम असते. कुणी विळ्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळते, कुणी सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधते. मूठ बारीक असेल तर ती हातात फिरते, जाड असेल तर बोटे पुरत नाहीत. दिवसभर सोंगणी करायची तर विळा आपल्या हाताच्या मापाचा हवा, हे सांगायला तिथे कुणी तज्ज्ञ लागत नाही.

ऑलिम्पिकच्या मैदानावर उतरणारा पिस्तूल नेमबाजही हेच करतो. त्याच्या पिस्तुलाची मूठ बहुधा अक्रोडाच्या लाकडाची असते. तो ती कानशीने घासतो, पॉलिश पेपरने उतरवतो, कुठे पोकळी राहिली तर लाकडाची लुगदी भरतो, वाळवतो आणि पुन्हा घासतो. हे काम कधी कधी महिनोन्‌महिने चालते. हाताची मूठ आणि अवजाराची मूठ, दोघींसाठी मराठीत शब्द एकच आहे. त्या दोन्ही मुठी एकमेकींत नीट बसल्या तर नेम लागतो. बसल्या नाहीत तर नेम चुकतो, आणि पुढे हातही दुखू लागतो.

एक मिलिमीटरची किंमत

पकडीचा एवढा बाऊ का, हे साध्या गणिताने कळते. दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर अंतर असते. ट्रिगर दाबताना हाताच्या चुकीच्या दाबामुळे पुढची साईट मागच्या साईटच्या तुलनेत फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर ती चूक तेहतीस पटींनी वाढते. छर्रा मध्यापासून तीन सेंटिमीटरहून अधिक दूर लागतो. दहाऐवजी सहा गुण मिळतात. मोठ्या स्पर्धेत असा एक फटका अंतिम फेरीतून बाहेर काढायला पुरेसा असतो.

हे पिस्तूल किलोभर वजनाचे असते आणि ते एकाच हाताने धरायचे असते. पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० वेळा नेम धरावा लागतो. मूठ हाताच्या आकाराची करून घेण्यास नियमांची परवानगी आहे, पण मनगट मोकळे दिसले पाहिजे. मुठीने मनगटाला टेकू देणे चालत नाही. पिस्तूल धरलेल्या हातात घड्याळ किंवा मनगटी पट्टा घालण्यासही मनाई आहे. थोडक्यात, आधार फक्त हाताचाच.

कोल्हापूरची राही आणि तीन सेकंद

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कोल्हापूरची राही सरनोबत. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषकात आणि २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. पुढे कोपराच्या दुखापतीने तिला काही काळ खेळापासून दूर ठेवले. त्यातून ती परतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये इंडोनेशियातील पालेम्बांग येथे आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

तिचा प्रकार पकडीची खरी परीक्षा घेणारा आहे. पात्रता फेरीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पाच गोळ्यांसाठी पाच मिनिटे मिळतात. दुसऱ्या भागात लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद नाहीसे होते. त्या सात सेकंदांत हात खाली, ४५ अंशांत धरून उभे राहायचे. लक्ष्य दिसताच हात उचलायचा, नेम जुळवायचा, गोळी झाडायची. असे पाच वेळा. ट्रिगरचा दाब किमान एक किलोचा असावा, असा नियम आहे.

या तीन सेकंदांत पकड सुधारायला वेळ नसतो. पहिल्या गोळीच्या आधी मूठ जशी बसली, तशीच ती पाचव्या गोळीपर्यंत राहायला हवी. म्हणून या खेळात चांगली पकड म्हणजे घट्ट पकड नव्हे. दर वेळी तंतोतंत तशीच बसणारी पकड ती चांगली. अगदी डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, तरी दोन्ही साईट एका रेषेत दिसल्या पाहिजेत. तशा दिसत नसतील तर मनगट वाकवून त्या जुळवायच्या नसतात. मूठ घासायची किंवा भरायची असते.

चार बोटे आणि सामाईक स्नायू

असे का, याचे उत्तर हाताच्या रचनेत आहे. एका हातात २७ हाडे असतात, पण बोटे वाकवणारे मोठे स्नायू हातात नसून कोपराच्या खाली, पुढच्या बाहूत असतात. तिथून निघालेल्या दोरीसारख्या शिरा मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. वैद्यकात त्यांना कंडरा म्हणतात. बोटांचे शेवटचे पेर वाकवणाऱ्या स्नायूत मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांचा वाटा बराचसा सामाईक असतो. तर्जनीचा भाग त्या मानाने स्वतंत्र असतो, पण पूर्ण स्वतंत्र नसतो.

घरबसल्या याची खात्री करता येते. तळहात वर करून हात टेबलावर ठेवा आणि फक्त करंगळी वाकवा. अनामिका तिच्यामागे ओढली जाते. मेंदूकडून येणारा हुकूमही एकाच बोटापुरता मर्यादित राहत नाही, शेजारच्या बोटांना त्याचा थोडा अंश मिळतो. पिस्तूल धरताना हेच आड येते. तर्जनीने ट्रिगर दाबताच बाकीची बोटेही नकळत आवळतात आणि नळी एका बाजूला कलते. नवशिक्या उजव्या नेमबाजाच्या गोळ्या खाली आणि डावीकडे जातात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

इलाज म्हणजे कामाची वाटणी. मधले बोट आणि अनामिका पिस्तूल सरळ मागे, तळहातात दाबून धरतात. करंगळी फक्त टेकलेली असते. एका हाताच्या नेमबाजीत अंगठा सैल राहतो. तर्जनी मुठीला शक्यतो टेकत नाही, म्हणजे ती हलली तरी पिस्तूल हलत नाही. दाबाचे प्रमाण ओळखीच्या माणसाशी मोकळेपणाने हस्तांदोलन करावे इतके. त्याहून जोर लावला की स्नायू थरथरू लागतात. प्रत्येक निरोगी हाताला सेकंदाला आठ ते बारा वेळा असा सूक्ष्म कंप असतोच. अति आवळणे, थकवा, भीती आणि जास्तीचा चहा-कॉफी त्याला डोळ्यांना दिसेल इतका वाढवतात.

खटके कोणाच्या अंगठ्यासाठी?

स्पर्धेचे पिस्तूल हाताच्या मापाचे करून घेता येते. पोलीस किंवा सुरक्षा दलातल्या शिपायाला मात्र हत्यार मिळते ते सरकारी मापाचे. बाभुळगावसारख्या तालुक्यांतून दरवर्षी अनेक मुले-मुली पोलीस भरतीसाठी धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करतात. निवड झाल्यावर प्रशिक्षणात हत्यार हाती येते आणि तेव्हा प्रथमच कळते की आपले बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही.

अशा पिस्तुलावर ट्रिगरशिवाय तीन खटके महत्त्वाचे. एक सेफ्टीचा, दुसरा मॅगझिन सोडवणारा, तिसरा वरची सरकती स्लाईड रोखून धरणारा. जुन्या घडणीच्या बहुतेक पिस्तुलांत हे तिन्ही डाव्या अंगाला असतात, कारण ते उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी बसवलेले असतात. भारतीय दलांत कित्येक दशके वापरात असलेले, ब्राउनिंगच्या घडणीवर बेतलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूलही असेच आहे. डावखुऱ्या माणसाचा अंगठा तिथे पोचतच नाही. आणि दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो.

हात लहान असेल तर वेगळी अडचण. मुठीच्या मागच्या कडेपासून ट्रिगरपर्यंतचे अंतर बोटाहून जास्त असले की माणूस नकळत पिस्तूल हातात फिरवून घेतो. मग नळी आणि पुढचा बाहू एका रेषेत राहत नाहीत. गोळी सुटल्यावरचा धक्का तळहाताच्या मध्यात न बसता अंगठ्याच्या मुळाशी बसतो. शंभर गोळ्यांनंतर तिथे ठणका लागतो. हात मोठा असेल तर उलटे होते. तर्जनीचे पेर ट्रिगरच्या पार पलीकडे जाते आणि तो मागे न येता तिरका ओढला जातो. उंच ठेवलेला अंगठा स्लाईडच्या खटक्यावर टेकला, तर शेवटच्या गोळीनंतर स्लाईड मागे अडकायला हवी ती अडकत नाही आणि मॅगझिन रिकामे झाल्याचे लक्षात येत नाही. मूठ फारच वर धरली, तर काही पिस्तुलांची मागे येणारी स्लाईड अंगठा आणि तर्जनीमधली कातडी चिमटते.

हलके हत्यार म्हणजे सोयीचे हत्यार, हाही एक गैरसमज आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांना डोळ्यांसमोर ठेवून ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. बाळगायला ते खरेच सोपे. पण गोळी तीच असेल तर हत्यार जितके हलके तितके ते वेगाने मागे येते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. वजन कमी झाल्याचा फायदा खांद्यावरच्या पर्सला होतो, मनगटाला तो होईलच असे नाही.

आधी धरणे, मग पोचणे

मग पकड कशी जुळवावी? परवाना असलेल्या रेंजवर, प्रशिक्षकासमोर, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून हे काम करायचे असते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी उत्तम पकड, मग खटके. खटक्यापर्यंत पोचण्यासाठी पकडच वाकडी करणे ही सर्वांत सामान्य चूक.

अंगठा आणि तर्जनीमधली खोबण मुठीच्या मागच्या बाजूला, स्लाईडच्या वाटेत न येता जमेल तितकी वर बसवावी. नळी पुढच्या बाहूच्या रेषेत यावी. या स्थितीत तर्जनीच्या शेवटच्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर येतो का, हे पाहावे. येत असेल तर माप जुळले. येत नसेल तर पहिला बदल पिस्तुलात करावा. अनेक नव्या पिस्तुलांत मुठीची मागची पट्टी बदलता येते, लहान, मध्यम, मोठी. मॅगझिनचा खटका काहींत उजवीकडे हलवता येतो. काहींत सेफ्टी दोन्ही अंगांना असते.

पिस्तूल बदलणे शक्य नसेल तेव्हाच हाताने तडजोड करावी, आणि तीही ठरवून. अंगठा खटक्याला पुरत नसेल तर तर्जनी ट्रिगरवरून पूर्ण काढून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून पिस्तूल हातात किंचित फिरवावे, खटका दाबावा आणि पुन्हा मूळ पकडीत यावे. किंवा ते काम दुसऱ्या हाताला द्यावे. डावखुरे नेमबाज मॅगझिनचा खटका तर्जनीने किंवा मधल्या बोटाने दाबायला शिकतात. ते काही जणांना अंगठ्यापेक्षा सोपेही जाते. नेम धरेपर्यंत तर्जनी ट्रिगरबाहेर, हा नियम मात्र कोणत्याही पकडीत बदलत नाही.

नवी पकड अंगवळणी पडायला आठवडे लागतात. मेंदू जुनी सवय पुसून टाकत नसतो, तिच्यावर नवी रचतो. म्हणून घाईत आणि ताणात जुनी पकडच आधी वर येते. रोज दहा मिनिटे रिकाम्या पिस्तुलाने केलेला शांत सराव महिन्यातून एकदा झाडलेल्या शंभर गोळ्यांपेक्षा अधिक शिकवतो.

हात किती शिकू शकतो, याचा दाखला हंगेरीच्या कारोली ताकाचने दिला. हा सैनिक उत्तम पिस्तूल नेमबाज होता. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात गेला. त्याने गाजावाजा न करता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि पुढच्याच वर्षी देशाचे विजेतेपद जिंकले. पुढे १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात त्याने सुवर्णपदक मिळवले. नेम हातात नसतो, तो मेंदूत असतो.

पिस्तूल न पाहिलेल्यांचे ‘ट्रिगर फिंगर’

न जुळणाऱ्या पकडीची किंमत शरीर हळूहळू वसूल करते. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर सूज येणे, रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येणे ही तिची नेहमीची रूपे. त्यातल्या एका आजाराचे नावच ‘ट्रिगर फिंगर’ आहे. बोटाची कंडरा ज्या बारीक बोगद्यातून सरकते, तो तळहाताच्या टोकाशी जाड आणि अरुंद होतो. बोट वाकते, अडकते आणि ट्रिगर सुटावा तसे खटकन सरळ होते. सकाळी हा त्रास जास्त असतो.

गंमत अशी की या आजाराच्या बहुतेक रुग्णांनी आयुष्यात पिस्तूल हाती घेतलेले नसते. मधुमेहींमध्ये तो अधिक आढळतो, आणि दिवसभर आवळून धरण्याचे काम करणाऱ्यांतही दिसतो. निंदणाचे खुरपे, सोंगणीचा विळा, फवारणी पंपाचा दांडा, शिंप्याची कात्री, सगळ्यांना आवळूनच धरावे लागते. ब्रिटिश वैद्यक जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले. एक जोराची, तळहात आणि बोटांनी मिळून घातलेली. दुसरी नेमकी, अंगठा आणि बोटांच्या टोकांची. विळा धरणे ही पहिली, बोंडातला कापूस वेचणे ही दुसरी. पिस्तूल हे दोन्ही एकदम मागते, तीन बोटांकडून जोर आणि एका बोटाकडून नाजूकपणा. पाठीवरच्या पंपाचेही तसेच. एक हात दांडा वरखाली करतो, दुसरा नळीचा खटका दाबून धरतो.

म्हणून नेमबाजाला लागू पडणारे नियम शेतालाही पडतात. मूठ इतकी जाड असावी की अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाशी जेमतेम भिडेल. पंपाचा दांडा गुळगुळीत झाला असेल तर त्यावर रबराची नळी चढवावी, कारण घसरणारी वस्तू आपण गरजेपेक्षा जास्त आवळतो. मनगट सरळ राहील अशा रीतीने अवजार धरावे. अर्ध्या तासाने हात सोडून बोटे पूर्ण पसरावीत. पाच बोटांभोवती जाड रबर घालून ती उघडण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, दहा-पंधरा वेळा करावा. आवळणाऱ्या स्नायूंना काम भरपूर मिळते, उघडणाऱ्यांना ते मुद्दाम द्यावे लागते.

बोट अडकू लागले, मुंग्यांनी रात्री जाग येऊ लागली, हातातून वस्तू निसटू लागली किंवा दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणे गेले नाही, तर तेल चोळत बसू नये. सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात हात दाखवावा. रक्तातली साखरही तपासून घ्यावी. लवकर आलेल्या बऱ्याच रुग्णांचे काम बोटाला पट्टी, थोडी विश्रांती किंवा एखादे इंजेक्शन यावर भागते. उशीर झाल्यास छोटी शस्त्रक्रिया लागते, पण तीही बहुधा त्या भागापुरती भूल देऊन होते.

नेमबाजाच्या पेटीत कानस असते, शेतकरणीच्या ओट्यात चिंधी. दोघींचे काम एकच, अवजाराला हाताच्या मापाचे करणे. भरतीत निवडल्या गेलेल्या मुलीला पिस्तुलाचा ट्रिगर पुरत नसेल, तर दोष तिच्या बोटांचा नाही. तिने तो प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा. दुखणारा हात पुरेसा कणखर नाही, असे समजून लोक वर्षानुवर्षे सोसत राहतात. बहुतेक वेळा त्याची मूठ फक्त चुकीच्या मापाची असते.